गावाकडचं बंद घर: नोंद कुठे, घरपट्टी कोणाला आणि पडायला आलं तर नोटीस कोण देतं?

जवळपास प्रत्येक गावात एखादं तरी घर असं असतं, ज्याच्या कडीला वर्षानुवर्षं कुलूप आहे. मालक पुण्यात, मुंबईत नाहीतर सुरतेला. आधी दिवाळीला आणि गावच्या जत्रेला घर उघडायचं, हळूहळू तेही बंद झालं. आजोबा गेले, वडील गेले, पण पंचायतीच्या दप्तरात नाव अजून आजोबांचंच. माळवदावर गवत उगवलं, भिंतीला पोट सुटलं आणि शेजारची लेकरं रोज त्याच भिंतीच्या कडेनं शाळेत जातात.

तालुक्याच्या गावातही वेगळं चित्र नाही. बाजारपेठेतले जुने वाडे भावकीच्या वादात नाहीतर भाडेकरूच्या वादात बंद पडले आहेत. अशा घरांची सरकारी दप्तरात नोंद कशी असते, कर कोणी भरायचा, घर धोकादायक झालं तर कोणाकडे जायचं, याची ही माहिती.

थोडक्यात:

- महाराष्ट्रात बंद घरांची वेगळी नोंदवही नाही. घराची नोंद कर आकारणीच्या वहीत आणि मिळकत पत्रिकेत असते.
- घर बंद असलं म्हणून घरपट्टी थांबत नाही.
- नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही.
- पडायला आलेल्या घराबाबत गावात ग्रामपंचायत आणि प्रांताधिकारी, तर शहरात नगरपरिषद किंवा महापालिका कारवाई करते.
- कागदावर मयत माणसाचं नाव असेल तर नोटीस घ्यायलाच कोणी नसतं. खरी अडचण इथून सुरू होते.

बंद घरांची गणती होते का?

होते, पण ती जनगणनेत. २०११ च्या जनगणनेत देशात ३३ कोटींहून अधिक घरं मोजली गेली आणि त्यातली सुमारे २ कोटी ४७ लाख रिकामी आढळली. यातली निम्म्याहून जास्त ग्रामीण भागातली होती. मालक तात्पुरता बाहेर आहे आणि घराला कुलूप आहे, अशी घरं या आकड्यात नाहीत. जनगणना ती वापरातली घरं म्हणून वेगळी मोजते.

पण जनगणना ही मोजणी आहे. तिच्यावरून कोणाला नोटीस जात नाही की कर लागत नाही. रोजच्या कारभारात घर रिकामं आहे का, हे सांगणारा रकाना पंचायतीच्या वहीत नसतो. दप्तराला दोनच गोष्टी कळतात. घर कोणाच्या नावावर आहे, आणि ते पडण्याच्या बेतात आहे का. कुलूप दप्तराला दिसत नाही.

गावातली नोंद: नमुना ८ आणि मिळकत पत्रिका

ग्रामपंचायतीत घराची नोंद नमुना ८ मध्ये म्हणजे कर आकारणी नोंदवहीत असते. मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, बांधकामाचा प्रकार, लांबी-रुंदी आणि आकारलेला कर त्यात लिहिलेला असतो. चालू मागणी आणि मागची थकबाकी नमुना ९ मध्ये येते. कर भरला की मिळणारी पावती ही नमुना १० ची.

आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते. त्या वेळी यादी प्रसिद्ध करून हरकती मागवतात. घर पडलं असेल, अर्धं उरलं असेल किंवा नाव चुकलं असेल तर सांगायची वेळ हीच. बंद घराचा मालक गावात नसतो. त्यामुळे हरकत येत नाही आणि जुनीच नोंद पुढची चार वर्षं चालते.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नमुना ८ ही कराची नोंद आहे. त्यावर नाव आहे म्हणून कोणी मालक होत नाही, आणि नाव नाही म्हणून वारसाचा हक्क जात नाही. असं असलं तरी बँक, घरकुल, वीज जोडणी अशा कामांत हाच उतारा आधी मागतात. म्हणून त्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही.

दुसरा कागद म्हणजे मिळकत पत्रिका. लोक त्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. शेतीला जसा सातबारा, तशी गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका. पूर्वी अनेक गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू केली आणि ड्रोनने गावठाणं मोजायला घेतली. त्याआधीच राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला होता. १८ जानेवारी २०२५ ला देशभरात एकाच दिवशी ६५ लाख पत्रिका वाटण्यात आल्या.

या मोजणीत बंद घरांची अडचण होते. ड्रोन उडण्याआधी प्रत्येक घराची हद्द चुन्याने आखावी लागते. मालक हजर असेल तर तो हद्द दाखवतो. नसेल तर शेजारी आणि पंचायतीचा माणूस जी दाखवेल ती आखली जाते. बोळ कोणाचा, पन्हाळीचं पाणी कोणाच्या हद्दीत पडतं, मागची पडवी कोणाची, हे अशा वेळी कागदावर ठरून जातं. मोजणीनंतर भूमी अभिलेख विभागाची चौकशी होते आणि हरकतीची संधी मिळते. ज्यांचं घर बंद आहे त्यांनी या दोन दिवसांसाठी तरी गावात यावं.

शेतातल्या वस्तीवरची घरं या मोजणीत येत नाहीत. ती गावठाणाबाहेर असल्याने त्यांच्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावरच राहते.

शहरातली नोंद: नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका

२०१४ नंतर राज्यातल्या अनेक तालुका ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. तिथं आता कारभार मुख्याधिकाऱ्याकडे आणि १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार चालतो. तरी लोक अजून नमुना ८ शोधत फिरतात. शहरात कर विभागाकडून मालमत्ता कराचा आकारणी उतारा घ्यावा लागतो. जागेची मिळकत पत्रिका असेल तर ती भूमी अभिलेख कार्यालयातून, सिटी सर्व्हे नंबर सांगून मिळते. डिजिटल सहीची मिळकत पत्रिका महाभूमी संकेतस्थळावरूनही काढता येते.

नगरपरिषद हद्दीतही चार वर्षांनी कराची फेरआकारणी होते. माणूस घरी नसेल तर मोजणीला आलेले कर्मचारी बाहेरून माप घेतात आणि नोटीस दारावर डकवतात. दारावरची नोटीस पावसानं गळून गेली, तरी मुदत चालूच राहते.

घर बंद, मग घरपट्टी का?

घरपट्टी ही घरात राहणाऱ्यावर नसून इमारतीवर आणि जागेवर असते. ग्रामपंचायत हद्दीत २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि कर भांडवली मूल्यावर धरला जाऊ लागला. जागेचा दर, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि घराचं वय हे पाहून तो काढतात. जुन्या घराला घसारा मिळतो. म्हणून मातीच्या जुन्या घराचा कर आरसीसी घरापेक्षा बराच कमी येतो. पण तो शून्य होत नाही.

घर पूर्ण पडलं असेल तर तसा लेखी अर्ज द्यावा. पाहणी झाल्यावर इमारतीऐवजी खुली जागा म्हणून आकारणी होते. अर्ज दिला नाही तर पडलेल्या घराचीही घरपट्टी चालू राहते. अशी थकबाकी अनेक गावांत आहे.

महापालिकांच्या कायद्यांत रिकाम्या राहिलेल्या मिळकतीसाठी कराच्या परताव्याची तरतूद आहे. मात्र मिळकत रिकामी झाल्याचं वेळेवर लेखी कळवावं लागतं. मागच्या तारखेनं सांगून भागत नाही.

थकबाकी राहिली तर ग्रामपंचायत आधी बिल देते, मग मागणीची नोटीस आणि त्यानंतर जप्तीची कारवाई करू शकते. थकबाकीची प्रकरणं राष्ट्रीय लोकअदालतीतही ठेवली जातात.

विजेचंही तसंच आहे. एक युनिट जळालं नाही तरी स्थिर आकार लागतो. घर पुढची कित्येक वर्षं उघडायचं नसेल तर महावितरणकडे अर्ज करून जोडणी कायमची खंडित करून घेतलेली बरी. पावसाळ्यात गळक्या घरातली चालू वायर शेजाऱ्यालाही धोक्याची असते.

नाव कोणाचं? वारस नोंद राहिली की सगळं अडतं

समजा, घर आजोबांच्या नावावर आहे. त्यांना तीन मुलं आणि एक मुलगी. एक मुलगा गावात शेती करतो, दोघं बाहेरगावी, मुलगी सासरी. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. आज या घराला बारा-पंधरा वारस आहेत आणि कागदावर त्यातला एकही नाही. पंचायतीनं नोटीस काढली तर ती मयताच्या नावाने निघते. गावातला भाऊ म्हणतो, घर माझ्या एकट्याचं नाही. बाहेरचे म्हणतात, आम्हाला काही मिळालंच नाही. भिंत मात्र कोणाची वाट बघत नाही.

वारस नोंद दोन ठिकाणी करावी लागते. नमुना ८ साठी ग्रामपंचायतीत आणि मिळकत पत्रिकेसाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे. एका ठिकाणी केली की दुसरीकडे आपोआप होत नाही. साधारणपणे हे कागद लागतात:

- मृत्यूचा दाखला
- सर्व वारसांची नावं असलेली वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र
- वारसांची ओळखपत्रं
- नमुना ८ किंवा मिळकत पत्रिकेचा चालू उतारा
- घरपट्टी भरल्याची पावती

वारसांत वाद असेल, किंवा मृत्युपत्र पुढं आलं असेल, तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं.

बहिणींच्या हक्काबाबत अजून बराच गैरसमज आहे. हिंदू वारसा कायद्यात पूर्वी कलम २३ होतं. त्यानुसार राहत्या घराची वाटणी मुलींना मागता येत नव्हती. पुरुष वारस वाटणी करतील तेव्हाच त्यांना हिस्सा मिळायचा. २००५ च्या दुरुस्तीत हे कलम काढून टाकलं आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. म्हणून वंशावळीतून बहिणीचं नाव वगळलं तर ती नोंद पुढं अडचणीत येते.

वारस नोंदीसाठी सही देणं आणि हक्कसोड पत्रावर सही देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि त्यावर सही झाली की हिस्सा सुटतो. राखी पौर्णिमेला किंवा दिवाळीला माहेरी आल्यावर पुढं केलेला कागद कोणता आहे, हे वाचूनच सही करावी.

ताबा आणि बारा वर्षांची भीती

बंद घरात कोणी बारा वर्षं राहिलं तर ते घर त्याचं होतं, असं गावात सर्रास बोललं जातं. हे अर्धंच खरं आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मालकाला ताबा परत मागण्यासाठी बारा वर्षांची मुदत असते. पण ती मोजायला सुरुवात होण्यासाठी समोरच्याचा ताबा उघड, सलग आणि मालकाचा हक्क नाकारून असावा लागतो. मालकाच्या परवानगीने घर सांभाळणारा नातेवाईक किंवा गडी कितीही वर्षं राहिला तरी केवळ त्यावरून मालक होत नाही.

तरी परवानगी तोंडी ठेवू नये. घर सांभाळायला दिलं तर साध्या कागदावर का होईना, तारीख आणि सह्यांसह लिहून ठेवावं. भाड्यानं दिलं तर करार लेखी करून नोंदवणं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं बंधनकारक आहे. हा कायदा लागू असलेल्या शहरांत आणखी एक तरतूद आहे. भाडेकरूने योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक त्या कारणावरून ताबा मागू शकतो. बाजारपेठेतली अनेक कुलूपबंद दुकानं याच वादात आहेत.

बंद घर लवकर का पडतं?

मातीचं घर माणसांच्या वावरानं टिकतं. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर माती टाकून चोपतात, गवत उपटतात, पन्हाळी मोकळ्या करतात. चूल पेटती असली की भिंती कोरड्या राहतात. घर बंद झालं की ही सगळी कामं थांबतात. गवताची मुळं मातीत भेगा पाडतात, त्यातून पाणी मुरतं, तुळया कुजतात आणि वाळवी लागते. भिजलेली माती कोरडीपेक्षा बरीच जड. कुजलेल्या लाकडावर ते ओझं येतं आणि एखाद्या रात्री छत खाली बसतं. पावसाची झड लागल्यावर दोन-तीन दिवसांनी, आणि कधी ऊन पडल्यावरही भिंती पडतात, त्याचं कारण हेच.

दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड छत किती घातक ठरू शकतं, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिव भागानं पाहिलं. त्या पहाटे हजारो माणसं अशाच घरांखाली गाडली गेली.

धोक्याच्या खुणा साध्या आहेत:

- भिंतीला बाहेरून फुगवटा येणं
- कोपऱ्यात उभी तडा जाणं आणि ती रुंदावत जाणं
- जोत्याजवळची माती ओली होऊन झडणं
- तुळई वाकणं, छत एका बाजूला खचणं
- दार-खिडकीची चौकट तिरकी होणं

यातली एक जरी खूण दिसली तरी त्या भिंतीला लागून जनावर बांधू नये, चारा रचू नये आणि लेकरांना खेळू देऊ नये.

गावात घर धोकादायक झालं तर

पहिला अर्ज ग्रामपंचायतीकडे द्यावा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) पाहणी करून पंचनामा करतात आणि मालकाला किंवा वारसांना घर दुरुस्त करण्यास किंवा उतरवण्यास कळवतात. पावसाळ्याआधी तहसील पातळीवर आपत्ती व्यवस्थापनाची बैठक होते. तिच्यासाठी अशा घरांची यादी मागवली जाते. त्या यादीत घर जाईल, हे पाहावं.

मालक ऐकत नसेल किंवा सापडतच नसेल तर दुसरा मार्ग प्रांताधिकाऱ्यांचा. उपविभागीय दंडाधिकारी म्हणून त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अधिकार आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी हेच अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होते. एखादी इमारत पडून शेजाऱ्यांना किंवा रस्त्यानं जाणाऱ्यांना इजा होण्याची शक्यता असेल तर ती काढून टाकण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा तिला आधार देण्याचा सशर्त आदेश ते देऊ शकतात. मालकाला हरकत असेल तर ठरलेल्या तारखेला हजर राहून म्हणणं मांडता येतं. हरकत आली नाही किंवा टिकली नाही तर आदेश कायम होतो. त्यानंतरही काम केलं नाही तर प्रशासन ते करून घेऊन खर्च मालकाकडून वसूल करू शकतं.

हा मार्ग फार कमी लोकांना माहीत आहे. पण पंचायतीच्या राजकारणात अर्ज अडकला असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असं नाही. अर्ज, फोटो आणि पंचनाम्याची प्रत एवढ्यावर सुरुवात होते.

घर पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना ते पडून कोणाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० नुसार तो गुन्हा ठरू शकतो. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘मी पुण्यात असतो’ एवढ्यानं सुटका होईलच असं नाही.

शहरात घर धोकादायक झालं तर

नगरपरिषद आणि नगरपंचायत हद्दीत कायद्याच्या कलम १९५ नुसार मुख्याधिकारी नोटीस काढतात. महापालिकेत कलम २६४ आणि मुंबईत कलम ३५४ वापरलं जातं. धोक्यानुसार इमारतींचे चार वर्ग केले आहेत:

- सी-१: राहण्यास अयोग्य, अतिधोकादायक. तातडीने रिकामी करून पाडायची.
- सी-२ए: रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची.
- सी-२बी: रिकामी न करता दुरुस्ती करायची.
- सी-३: किरकोळ दुरुस्ती पुरेशी.

महापालिका हद्दीत इमारतीला तीस वर्षं झाली की संरचनेची तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. वाडा अर्धा बंद आणि अर्ध्यात भाडेकरू असतील तर वाद हमखास होतो. भाडेकरूला वाटतं, मालकानं मुद्दाम सी-१ करून घेतलं. मालकाला वाटतं, पाडलं नाही तर जबाबदारी आपल्यावर. अशा वेळी भाडेकरूने जागा सोडण्याआधी आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप पालिकेकडून नोंदवून घ्यावं आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. इमारत पाडल्यावर जागा किती होती, हे सांगायला दुसरं काही उरत नाही.

दुसऱ्या देशांत काय करतात?

आपल्याकडे रिकाम्या घरांची वेगळी नोंदवही नाही, काही देशांत आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहरात इमारत रिकामी झाली की तीस दिवसांत मालकाला महापालिकेकडे नोंद करावी लागते. फी, विमा आणि दारं-खिडक्या बंद करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते आणि नोंद पुन्हा पुन्हा नवी करावी लागते. विल्मिंग्टन नावाच्या शहरानं वर्षांप्रमाणे वाढणारी फी ठेवली. पहिल्या वर्षाला ५०० डॉलर, तर दहाव्या वर्षी ५,००० डॉलर. घर जितकी वर्षं पडून राहील, तितकं ते महाग पडावं, हा हेतू.

जपानचा प्रश्न आपल्या गावांसारखाच आहे. तरुण शहरात गेले, म्हातारी माणसं वारली आणि २०२३ च्या पाहणीत तिथं सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली. घर उभं असेल तर छोट्या जागेचा कर एक षष्ठांश मूल्यावर लागायचा, म्हणून लोक पडकं घरही पाडत नव्हते. सरकारनं धोकादायक घरांची ही सवलत काढण्याचा अधिकार पालिकांना दिला. पण मालकच सापडेनात, कारण कागदावर नावं मयतांची. शेवटी १ एप्रिल २०२४ पासून वारस नोंद तीन वर्षांत करणं सक्तीचं केलं. न केल्यास एक लाख येनपर्यंत दंड आहे. श्रीमंत देशालाही शेवटी वारस नोंदीपाशीच यावं लागलं.

मालकांनी काय करावं?

- नमुना ८ आणि मिळकत पत्रिका काढून नाव, माप आणि हद्द तपासावी. अनेक ग्रामपंचायतींची कराची माहिती महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट ॲपवरही पाहता येते.
- मयताचं नाव असेल तर सगळ्या वारसांची, बहिणींसह, नोंद लावावी.
- सध्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर पंचायतीला लेखी द्यावा, पोच घ्यावी.
- घरपट्टी दरवर्षी भरून पावती जपावी.
- पावसाळ्याआधी एक चक्कर मारावी. छत, पन्हाळी आणि भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत.
- दुरुस्ती परवडत नसेल तर वारसांच्या लेखी संमतीने घर उतरवून घ्यावं. उतरवण्याआधी चारी बाजूंचे फोटो काढावेत, पंचायतीला कळवावं आणि नंतर खुली जागा म्हणून नोंद करून घ्यावी. घर गेलं म्हणून जागेवरचा हक्क जात नाही.

शेजाऱ्यांनी काय करावं?

- फोटोसह लेखी अर्ज ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला द्यावा. एक प्रत तहसीलदारांना द्यावी. दोन्हींची पोच घ्यावी.
- दखल घेतली नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे कलम १५२ चा उल्लेख करून अर्ज द्यावा.
- अर्जावर काय केलं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.
- दुसऱ्याचं घर स्वतः पाडायला जाऊ नये. भिंत धोक्याची असली तरी गुन्हा आपल्यावर दाखल होऊ शकतो आणि अपघात झाला तर जबाबदारीही आपली.
- घर पडलं आणि कोणी अडकलं असेल तर ११२ वर, रुग्णवाहिकेसाठी १०८ वर आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ वर फोन करावा.

घर विकायचं, ठेवायचं की उतरवायचं, हा प्रत्येक कुटुंबाचा आपला निर्णय. पण तो घ्यायला कागदावर जिवंत माणसाचं नाव लागतं. पुढच्या वेळी जत्रेला सगळी भावंडं एकत्र जमतील तेव्हा तासभर काढून वंशावळ लिहून घेतली, सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी अर्ज पंचायतीत दिला, तर निम्मं काम तिथंच होईल.